सरड्याची धाव

आमच्या उर्दू शाळेत सहावीला मराठी शिकवताना म्हणींचा पाठ आला की वर्गात जान येते. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असे फळ्यावर लिहिले की मागून आवाज येतो, 'मुल्ला की दौड मस्जिद तक!' अर्थ एकच. मराठीने मर्यादा सरड्याला लावली, उर्दूने बिचाऱ्या मुल्लाला. पण ही धाव त्याला पुरते का, हे म्हण विचारत नाही. ते माझ्या भाच्याने विचारले.

मनीषनगरात आमच्या इमारतीला लागून एक रिकामा प्लॉट आहे. बाभूळ, बोर आणि बेशरमाची झुडपे माजलेली. तिथून तो बुटांच्या खोक्यात एक शॅमेलिऑन घेऊन आला. भिंतीवर मान हलवणारा नेहमीचा सरडा नव्हे. हा हिरवा, चपटा, शेपटीची गुंडाळी करणारा, एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरवणारा. "खाला, याला किती मोठा पिंजरा लागेल?" हातात ईदीचे उरलेले पैसे होते. "तिकडे ठेवला तर पोरं दगड मारतात."

दगड का मारतात, हे मला ठाऊक होते. एक तर तो विषारी आहे ही समजूत. तो मुळीच विषारी नाही. दुसरे म्हणजे आपल्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट, की हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या आगीवर गिरगिटाने फुंकर घातली. हदीसमधला अरबी शब्द 'वजग' आहे, आणि तो पालीच्या जातीसाठी वापरतात. शॅमेलिऑनला अरबीत 'हिरबा' म्हणतात. उर्दू तर्जुम्यात कुठे छिपकली लिहिले गेले, कुठे गिरगिट, आणि त्या एका शब्दापायी या मुक्या जिवाला दगड खावे लागतात.

बी.एड.ला शिकवले होते की मुलाला उत्तर देऊ नका, उत्तरापर्यंत न्या. आम्ही टेप घेऊन बसलो. परदेशात घरी पाळतात तो येमेन आणि सौदीकडचा शॅमेलिऑन. त्याच्या मोठ्या नरासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा किमान मानतात. म्हणजे १६ घनफूट. आमचे खोके १२ बाय ८ बाय ५ इंचांचे, ४८० घनइंच. भाच्याने भागाकार केला. पिंजरा खोक्याच्या जवळपास ५८ पट आला. हजम म्हणजे घनफळ, हे त्याला त्या दिवशी खरे कळले असावे.

पण हिशेब तिथे संपेना. उंची का जास्त? कारण हा झाडावरचा प्राणी. दोन आणि तीन बोटांच्या चिमट्याने तो फांदी धरतो. जमिनीवर त्याचा जीव घाबरा होतो. काच चालत नाही, हवा खेळती राहायला जाळी लागते. वाटीतले पाणी त्याला पाणी वाटत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. ऊन हवे, सावली हवी, जिवंत किडे हवेत. दोघांना एकत्र ठेवता येत नाही. मादीला अंडी घालायला खोल माती हवी. प्रत्येक गरजेबरोबर कागदावरचा पिंजरा वाढत गेला आणि शेवटी कागदावर बाभळीचे झाडच उभे राहिले.

कायदाही हीच वाट दाखवतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा म्हणतो की पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची प्राण्याला नीट हालचाल करता येईल एवढी हवी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्या पुढे जातो. आपल्याकडच्या शॅमेलिऑनला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हाच आहे. पिंजरा कितीही मोठा असो. तो जखमी असता तर सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेला असता. तो धडधाकट होता. त्याच संध्याकाळी बोरीच्या फांदीवर सोडला. एकेक पाऊल डुलवत, वाऱ्याने पान हलावे तसा तो आत गेला.

"आता पोरं?" भाच्याने विचारले. हा प्रश्न पिंजऱ्याहून अवघड. दुसऱ्या दिवशी इमारतीतली सारी मुले गोळा करून त्याने त्यांना तो लांबून दाखवला. जीभ बाहेर पडून नाकतोडा गायब झाला, तेव्हा दगड घेतलेल्या मुलाचाही हात खाली आला. सारे बदलले असे मी म्हणणार नाही.

आता प्लॉटवर 'विकणे आहे'चा फलक लागलाय. तो आमचा नाही, तिथे आमचे काही चालणार नाही. पण आमच्या आवाराला मेंदीचे जुने कुंपण आहे. ते काढून सिमेंटची भिंत बांधावी असा सोसायटीपुढे प्रस्ताव आहे. मेंदी राहू द्या, कोपऱ्यातली बाभूळही राहू द्या, असा अर्ज मी दिला आहे. मेंदीच्या कुंपणात सरडा राहू शकतो, सिमेंटच्या भिंतीत नाही. सभा पुढच्या महिन्यात आहे. अर्जावर दुसरी सही भाच्याची आहे. वय कमी असल्याने ती धरणार नाहीत, तरी त्याने केली.