निळ्या रंगाची साक्ष

भिवंडीत आमच्या घरामागे डाईंगचा कारखाना होता. कापड मऊ करणाऱ्या सिलिकोन सॉफ्टनरची पिंपं त्याच्या दारात असत. ते कुठून येतं, हे मला एम.एस्सी.ला कळलं. वाळूपासून मिळवलेल्या सिलिकॉनची पूड तांब्याच्या उत्प्रेरकासह सुमारे ३०० अंशांवर तापवायची आणि तिच्यातून मिथाइल क्लोराइड वायू सोडायचा. यूजीन रोचो यांनी १९४० मध्ये शोधलेल्या या प्रक्रियेवरच सिलिकोनचा सगळा धंदा उभा आहे. त्या भट्टीत, पुडीच्या पृष्ठभागावर, सिलिलीनसारखं काहीतरी क्षणभर तयार होत असावं, असं मानतात. सिलिलीन म्हणजे चारऐवजी दोनच बंध असलेला सिलिकॉन. समोर येईल त्या रेणूत तो घुसतो, म्हणून हाती लागत नाही.

मला तो बघायचाच होता. पुण्यात संशोधन करताना ती संधी मिळाली.

माग चालू असताना धोटा दिसत नाही. लाईट गेली की अर्ध्या वाटेत थांबलेला दिसतो. थंडी रेणूंचं तेच करते. जॉर्ज पिमेंटेल यांच्या गटाने १९५४ मध्ये अस्थिर रेणू गोठवलेल्या निष्क्रिय पदार्थात एकेकटे कोंडून ठेवण्याची युक्ती मांडली. शेजारी गाठता आला नाही की रेणू टिकतो. आमच्याकडे द्रव नायट्रोजन होता, उणे १९६ अंशांचा. त्यात ३-मिथाइलपेंटेन गोठून स्वच्छ काच होते.

३-मिथाइलपेंटेनमध्ये दोन मेसिटाइल गट असलेलं ट्रायसिलेन विरघळवून भरलेली क्वार्ट्‌झची नळी आम्ही द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली आणि प्रकाशाने ते तुटून सिलिलीन सुटावा म्हणून २५४ नॅनोमीटरचा दिवा लावला. नायट्रोजनच्या भांड्याच्या बाहेरच्या खिडकीवर दव धरत होतं, ते पुसत राहावं लागे. हळूहळू नळीच्या दिव्याकडच्या बाजूने निळा रंग चढत गेला, गडद आणि स्वच्छ. वर्णपटात ५७७ नॅनोमीटरपाशी शिखर उभं राहिलं. हाच डायमेसिटाइलसिलिलीन! पाठ्यपुस्तकात कंसात लिहिलेला रेणू माझ्यासमोर होता, आणि माझे डोळे भरून आले.

नळी उबदार होऊ दिली तशी आतली गोठलेली काच तडकली, निळा ओसरला, पिवळा आला. शिखर ४२० वर सरकलं. दोन सिलिलीन जोडले जाऊन डायसिलीन झालं होतं. सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंध टिकत नाही, ही समजूत रॉबर्ट वेस्ट, मायकल फिंक आणि जोसेफ मिचल यांनी १९८१ मध्ये याच रेणूने मोडली होती.

पण रंगावर विसंबून चालत नाही. दुसऱ्या नळीत आधीच भरपूर ट्रायइथाइलसिलेन मिसळलं होतं. तिथेही निळा चढला. उबेला मात्र पिवळा आला नाही. सिलिलीन त्याच्या सिलिकॉन-हायड्रोजन बंधात शिरला होता.