कुलूपबंद बोलपट

एखादा जुना चित्रपट कोठेच पाहावयास मिळत नसला, म्हणजे त्याच्या प्रती नष्ट झाल्या असाव्यात, असा आपला समज होतो. आपल्या ‘आलम आरा’ची (१९३१) गत तशीच झाली. परंतु काही चित्रपट सुस्थितीत असूनही त्यांचा धनीच त्यांना कुलपात ठेवतो. डिस्ने कंपनीचा ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) हा असाच एक. अमेरिकेत घरी पाहण्यासाठी तो ना व्हिडिओ कॅसेटवर निघाला, ना डीव्हीडीवर.

माझे कुतूहल मात्र चित्रपटामुळे नव्हे, एका गोष्टीमुळे जागे झाले. मुलांच्या पानासाठी लोककथांचा अनुवाद करणे हा माझ्या नोकरीचा भाग. ससोबा आणि डांबराची बाहुली ही अमेरिकन कथा हाती आली आणि पाली जातकातील पंचायुध राजकुमार आठवला. चिकट केसांच्या यक्षावर प्रहार करताना त्याचेही हात, पाय, अखेर मस्तक असेच चिकटून बसते. हे साम्य अभ्यासकांनीही नोंदवले आहे. कथा कोणत्या वाटेने गेली, याविषयी मात्र मतभेद आहेत. अमेरिकेत ती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी एकमेकांना सांगितली. दुबळ्या सशाने बलिष्ठांना युक्तीने चकवावे, यात त्यांना केवळ करमणूक वाटत नसणार! पुढे जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने १८८० मध्ये या कथा ग्रंथरूपाने आणल्या. पण त्या घातल्या रीमस नावाच्या, जुन्या धन्यांच्या आश्रयाने समाधानात राहणाऱ्या एका वृद्धाच्या तोंडी.

चित्रपटाने हीच चौकट उचलली. त्यातील काळ गुलामगिरी संपल्यानंतरचा. परंतु पडद्यावर ते स्पष्ट होत नाही, आणि मळ्यावरचे कृष्णवर्णीय मजूर गाणी गात सुखाने नांदताना दिसतात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचे वॉल्टर व्हाइट यांनी संगीताची व तंत्राची वाखाणणी केली, पण धनी-गुलाम संबंधांच्या या गोंडस चित्राला तेव्हाच हरकत घेतली. रीमस झालेला जेम्स बॅस्केट मात्र खरोखर गुणी नट. कोल्होबाचा आवाजही त्याचाच. पहिला खेळ अटलांटात झाला. वर्णभेदाचे कायदे असलेल्या त्या शहरातील समारंभाला तो गेला नाही. १९४८ मध्ये त्याला विशेष ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

कंपनीने १९७२ मध्ये व पुन्हा १९८६ मध्ये हा चित्रपट चित्रपटगृहांत आणला होता. मग घरातच का नको? माझ्या मते याला एक कारण आहे. चित्रपटगृहातला खेळ येतो आणि जातो. घरातली कॅसेट मूल दहादा पाहते, तेही शेजारी वडीलधारे माणूस नसताना. ही काळजी खोटी नाही. पण निव्वळ सदसद्विवेक म्हणावा, तर १९८९ पासून याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील उद्यानात ससोबा-कोल्होबांची जलसफर चालू होती, ती थेट २०२३ पर्यंत. चित्रपट दडवायचा आणि त्यातील प्राण्यांवर तिकिटे खपवायची, हा हिशेब व्यापाऱ्याचा आहे. आक्षेपाची सूचना जोडूनही तो दाखवणे योग्य नाही, असे कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२० मध्ये भागधारकांना सांगितले. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने ‘गॉन विथ द विंड’ आपल्या सेवेतून काढला खरा, पण काही दिवसांतच एका कृष्णवर्णीय अभ्यासिकेची प्रस्तावना जोडून परत ठेवला.

आम्हा अनुवादकांना हा दुसरा मार्ग जवळचा वाटावा, हे साहजिक आहे. मूळ लेखकाचा पूर्वग्रह खटकला तर आम्ही तळटीप देतो, पान फाडीत नाही. शिवाय कुलपाआड केवळ मळ्याचे खोटे चित्रच पडलेले नाही. बॅस्केटचे कामही तेथेच पडले आहे.

अमेरिकन कायद्याप्रमाणे या चित्रपटावरील स्वामित्वहक्क २०४१ च्या अखेरीस संपतो. माझी धाकटी तोवर पंचविशीच्या घरात आलेली असेल. डांबराच्या बाहुलीची गोष्ट मात्र मी तिला सांगून टाकली आहे, आणि ती प्रथम कोणी कोणाला सांगितली, तेही.