धारूरचा तट आणि एक चप्पल

नोव्हेंबरात दोन घरची अकरा माणसं शनिवार-रविवार धारूरला गेलो. बालाघाटातलं हे गाव सीताफळांचं. रविवारी फजरनंतर लगेच किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. चहा-नाश्त्यात नऊ वाजले.

सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं हा किल्ला उभारला. तीन बाजूंना दरी, गावाकडे सपाटी, म्हणून तिकडे खंदक. पुढं निजामशाहीनं किल्ला घेतला, किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये तो मुघलांकडे आला.

मुलांना दरीकडच्या शेवटच्या बुरुजावर जायचं होतं. तट ढासळलेला, वर वाळलेलं गवत. त्याखालचा दगड निसटला आणि धाकट्याचा पाय घसरला. खालाजानने मागून शर्ट धरला म्हणून बरं. डोंगरावर चप्पल घालून आणलं, ही चूक आमचीच.

"चार पावलंच राहिलीत," मोठी मुलं म्हणाली. अब्बा म्हणाले, "फिरा मागं." आम्हा मोठ्यांनाही तो बुरूज पाहायचा होता, खोटं कशाला बोला! पण फिरलो. मुलं दुपारपर्यंत रुसली.

एक चप्पल दरीतच राहिली. परतताना सीताफळांच्या गाडीपाशी धाकटा एका पायावर उभा राहून फळं निवडत होता.