गरनात्याचे तीन दिवस : डोळे उघडे, मन मोकळे

उर्दू पुस्तकांतून ज्याला आपण ‘गरनाता’ म्हणून ओळखतो, तेच नकाशावरचे ग्रॅनाडा. स्पेनच्या दक्षिणेला, सिएरा नेवादाच्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले हे शहर पायी फिरून होण्याजोगे आहे. अंदलुसमधले शेवटचे मुस्लिम राज्य इथले. २ जानेवारी १४९२ रोजी ते संपले. आपल्या घरांतून युरोपला जाणारे लोक आता वाढले आहेत. कुणाचा मुलगा तिकडे शिकतो, कुणाचा भाऊ नोकरीला आहे. अशा प्रवासात तीन दिवस हाताशी असतील तर गरनाता जरूर पाहावे.

आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत गेलो. मी, मुलांचे अब्बा, माझ्या सासूबाई म्हणजे आमच्या अम्मी, आणि दोन मुले. दीर माद्रिदला नोकरीला आहेत, तिथून रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. निघण्यापूर्वी नातेवाइकांनी दोन प्रकारचे सल्ले दिले. काही म्हणाले, “तिकडे खिसेकापू फार, ओढणी बघून लोक त्रास देतात, जपून राहा.” काही म्हणाले, “आपलीच तर नगरी, बिनधास्त जा.” पहिल्यांचे ऐकले असते तर आम्ही हॉटेलातच बसलो असतो, आणि दुसऱ्यांचे ऐकले असते तर पाकीट गमावून बसलो असतो. खरी गोष्ट मधली आहे. सावधपणाची बरीचशी कामे घरीच उरकून गेलो, तर तिथे डोळे भरून पाहायला मन मोकळे राहते.

घरीच करायची कामे

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. मे-जूनची गर्दी लक्षात घेता फेब्रुवारीतच कागद तयार ठेवावेत. सोबत किमान ३० हजार युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर त्यांच्या जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे ते नीट वाचून घ्यावे. अम्मींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

दुसरे काम अल्हंब्राच्या तिकिटाचे. हे अगदी आधी करावे, कारण तिकिटे कित्येक दिवस आधी संपतात. तिकीट नावानिशी असते आणि आत जाताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. बारा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांच्या नावाचेही तिकीट काढावेच लागते. नसरी महालात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती काटेकोर पाळली जाते. परिसर इतका विस्तीर्ण आहे की फाटकापासून महालापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. म्हातारे माणूस बरोबर असेल तर तास आधी पोचावे.

तिसरे काम शाळेच्या सहलीतून शिकलेले. प्रत्येक मुलाच्या खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर हॉटेलचे नाव, आमचे दोन्ही फोन नंबर आणि ११२ हा आकडा. युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांसाठी हाच क्रमांक चालतो. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ती जागा आम्ही दररोज सकाळी ठरवत असू. पहिल्या दिवशी ती होती ‘प्लाझा नुएवा’ चौकातले कारंजे.

लाल किल्ल्यात

अल्हंब्रा हे नाव अरबी ‘अल-हमरा’वरून, म्हणजे लाल. नसरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद इब्न अल-अहमर याने १२३८ मध्ये या टेकडीवर काम सुरू केले. आज आपण जे महाल पाहतो ते मुख्यतः चौदाव्या शतकातले, पहिला युसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद यांच्या काळातले. १९८४ मध्ये युनेस्कोने अल्हंब्राला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

बहुतेक पर्यटक फोटो काढत पुढे सरकतात. आपल्या मुलांचा इथे एक फायदा असतो : त्यांना भिंती वाचता येतात. ‘व ला गालिब इल्लल्लाह’, अल्लाहशिवाय कुणी विजयी नाही, हे नसरी घराण्याचे वचन जागोजागी कोरलेले आहे. माझ्या मुलीने ते मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच दालनात नाद सोडला. राजदूतांच्या दालनाचे लाकडी छत सात आसमानांची कल्पना घेऊन केलेले आहे आणि त्याच्या खालच्या पट्टीवर सूरह मुल्क आहे. अम्मींना ती सूरह तोंडपाठ. त्या मान वर करून हळूहळू वाचत होत्या आणि मागचे दोन परदेशी पर्यटक आपली वाट सोडून त्यांचे ओठ पाहत उभे राहिले.

सिंहांच्या अंगणात संगमरवरी बारा सिंह कारंजे पाठीवर घेऊन उभे आहेत. पण मला सगळ्यात थक्क केले ते पाण्याने. दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून सुमारे सहा किलोमीटरच्या पाटाने या टेकडीवर आणले आहे. त्यावर महाल, हमामखाने, बागा सगळे चालत असे. जनरालिफे म्हणजे ‘जन्नतुल आरिफ’ या बागेत ते पाणी आजही खळखळते. कोकणातल्या बागायतीचे पाट पाहिलेल्या माणसाला ही कारागिरी चटकन कळते.

आत बसायला जागा थोड्या, चालणे फार. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली, टोपी आणि जाड तळव्याचे बूट एवढे पुरे. शहरातून वर यायला सी-३० ही छोटी लाल बस आहे. चढ चालत चढण्याचा हट्ट धरू नये.

गर्दीतले हात

ग्रॅनाडा हे मारहाणीचे शहर नाही. इथे धोका हातचलाखीचा. कॅथेड्रलच्या आसपास काही बायका सुवासिक रोजमेरीची डहाळी पुढे करतात. आपण घेतली की हात धरून भविष्य सांगू लागतात आणि मग युरो मागतात. कधी या गडबडीत दुसरा हात पर्समध्येही जातो. उपाय एकच : हात पुढे करायचा नाही, ‘नो, ग्रासियास’ म्हणायचे आणि थांबायचे नाही. अम्मींना हे शिकवावे लागले नाही. चिपळूणच्या बाजारात उमर गेलेली बाई. तिने दुपट्ट्याखाली पर्स धरली, डहाळीवाल्या बाईकडे बघून गोड हसली आणि तशीच पुढे गेली.

इतर युक्त्याही युरोपभर ओळखीच्या आहेत. कुणी अंगावर काही सांडते आणि पुसायला धावते. कुणी सहीसाठी कागद पुढे करते. साध्या कपड्यातला माणूस ‘पोलीस’ म्हणून पाकीट तपासायला मागतो. अशा वेळी पाकीट हातात न देता गणवेशातल्या पोलिसाकडे किंवा जवळच्या दुकानात चला म्हणावे. उपाहारगृहाच्या मेजावर मोबाइल ठेवू नये. पाठीवरची सॅक बसमध्ये पोटावर घ्यावी. पासपोर्ट कपड्याच्या आतल्या पाकिटात, झेरॉक्स हॉटेलात, एक कार्ड अब्बांकडे, दुसरे माझ्याकडे, अशी वाटणी ठेवावी. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, मग माद्रिदच्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

ओढणीबद्दलही सांगते, कारण बहिणी हेच आधी विचारतात. स्पेनमध्ये डोके झाकण्यावर देशव्यापी बंदी नाही. तीन दिवसांत आम्हाला कुणी हटकले नाही. मात्र चेहरा झाकणाऱ्या बहिणींनी एक लक्षात ठेवावे : फ्रान्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क या देशांत सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास कायद्याने मनाई आहे. तिकडून पुढे जाणार असाल तर आधी विचार करून ठेवावा.

अल्बायसीनच्या गल्ल्या

अल्हंब्राच्या समोरच्या टेकडीवर अल्बायसीन ही जुनी मुस्लिम वस्ती. पांढरी घरे, आतल्या बाजूला अंगण, गुळगुळीत गोट्यांच्या चढत्या गल्ल्या. पाऊस पडून गेला की या गोट्यांवर घसरते, तेव्हा अम्मींचा हात सोडू नये. मध्येच विटांच्या कमानीआड जुने पाण्याचे हौद दिसतात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘अल्हिबे’ म्हणतात, अरबी ‘अल-जुब्ब’वरून. असे शब्द ऐकणे हा मला तर प्रवासातला सगळ्यात स्वस्त आनंद वाटला. साखरेला ‘असुकार’, संत्र्याला ‘नारान्हा’, जैतूनच्या फळाला ‘असेइतुना’. शक्कर, नारिंगी आणि जैतून माहीत असलेल्या मुलांना हे शब्द शिकवावे लागत नाहीत.

सान निकोलासच्या चौकातून सूर्यास्ताला अल्हंब्रा लालसर दिसते. तिथे गर्दीही दाट होते, म्हणून पर्स पुढे. त्याला लागूनच २००३ मध्ये उघडलेली ग्रॅनाडाची मोठी मशीद आहे. शहरात सुमारे पाच शतकांनी उभी राहिलेली ही मशीद लहान आहे, पण तिच्या बागेतून समोर अल्हंब्रा दिसते. स्त्रियांसाठी जागा आहे.

नमाजाच्या वेळा मात्र आधी पाहून ठेवाव्यात. घड्याळ मध्य युरोपचे आणि शहर पश्चिमेला, त्यामुळे मे महिन्यात जुहरची वेळ दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सुरू होते आणि मगरिब नऊच्या पुढे. म्हणून अल्हंब्राचे सकाळचे तिकीट बरे. आम्ही शाफई असल्याने मुसाफिरीत जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढलो. हनफी कुटुंबांनी आपल्या आलिमांना विचारून बेत आखावा.

रात्री दहाला चौकात मुले खेळत असतात, त्यामुळे मुख्य रस्त्यांवर भीती वाटत नाही. पण अल्बायसीनच्या वरच्या निर्जन गल्ल्या आणि साक्रोमोन्तेच्या पायवाटा अंधार पडल्यावर टाळाव्यात. परत येताना बस किंवा टॅक्सी करावी.

ताटात काय आहे

‘सेर्दो’ आणि ‘हामोन’ म्हणजे डुकराचे मांस, ‘मान्तेका’ म्हणजे बहुधा त्याचीच चरबी, ‘विनो’ म्हणजे दारू. हे चार शब्द वहीत लिहून ठेवावेत. फसवणूक नसते, पण सवय असते. साल्मोरेहो हे टोमॅटोचे थंड सार वरून हामोन भुरभुरून येते, डाळी-चण्यात सॉसेज असते, मान्तेकादो या बिस्किटांत चरबी असते. उलट ‘तोसिनो दे सिएलो’ या नावात डुकराची चरबी आहे आणि पदार्थात फक्त अंड्याचा बलक व साखर! ग्रॅनाडात पेयाबरोबर एक छोटी बशी फुकट येते, तेव्हा ‘सिन सेर्दो’ आधीच सांगावे. काल्देरेरिया नुएवा या गल्लीत मोरोक्कन लोकांची चहाची दुकाने आणि खानावळी आहेत. हलालबद्दल तिथेही विचारूनच बसावे. वांग्याचे तळलेले काप आणि वर काकवीची धार, हा इथला पदार्थ अम्मींनी दोनदा मागवला.

बिब-रांब्ला चौकातला प्रश्न

शेवटच्या दिवशी आम्ही बिब-रांब्ला चौकात बसलो. आज तिथे फुलांची दुकाने आहेत. मुलांना मी तिथेच इतिहास सांगितला. नोव्हेंबर १४९१ मध्ये शरणागतीचा करार झाला. मशिदी, नमाज, कायदा, मालमत्ता सुरक्षित राहतील असे त्यात लिहून दिले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १४९२ मध्ये, अल्हंब्रातून यहुद्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. दहा वर्षांच्या आत मुस्लिमांवरही सक्तीचे धर्मांतर आले आणि कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने अरबी पुस्तके जाळली गेली. त्यांच्या उरलेल्या वंशजांना १६०९ ते १६१४ मध्ये हाकलून देण्यात आले.

मुलगा म्हणाला, “करार लिहून दिला होता ना?” मी म्हटले, “दिला होता. पण लिहिलेला शब्द पाळायला प्रत्येक पिढीत माणसे लागतात.” त्याने विचारले, “मग आता इथल्या लोकांवर राग धरायचा?” अम्मीच बोलल्या, “ज्या मुलीने सकाळी मला बसमध्ये जागा दिली, तिच्यावर कसला राग?”

कोर्दोबाला गेलात तर हेच ध्यानात ठेवा. ग्रॅनाडाहून रेल्वेने दीड तासाच्या आसपास. तिथली जामा मशीद पहिल्या अब्दुर्रहमानने ७८५ च्या सुमारास सुरू केली, १२३६ पासून ती कॅथेड्रल आहे. अल्लामा इक्बाल १९३३ मध्ये तिथे गेले आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म झाली. आज तिथे नमाजाला परवानगी नाही, पहारेकरी थांबवतात. कुटुंबासह गेलेल्या माणसाने वाद घालू नये. खांबांच्या रांगांतून शांतपणे फिरावे, मनात दुआ करावी, नमाज बाहेर येऊन पढावी.

गरनात्याहून काय आणावे असे विचाराल तर दुकानातल्या वस्तू थोड्याच आणा. जाण्याआधी मुलांना भिंतीवरचे ते एक वचन लिहायला शिकवा, नकाशावर दार्रो नदी दाखवा, चार स्पॅनिश शब्द पाठ करून घ्या. एवढी तयारी असली की पर्सवर एक हात ठेवूनही अल्हंब्रा पोटभर पाहता येते.