गिऱ्हाईक

मराठीत 'गिऱ्हाईक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दुकानाची पायरी चढतो तोही गिऱ्हाईक आणि ज्याला चारचौघे सहज बनवतात तोही गिऱ्हाईकच. 'त्याला चांगलेच गिऱ्हाईक केले' असे आपण म्हणतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदले, कारण फसायचे ते घेणाऱ्यानेच, ही जगाची जुनी समजूत. घेणाऱ्याने सावध असावे, असे एक लॅटिन वचन इंग्रजी कायद्याने जपून ठेवले आणि आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही त्याची सावली आहे. विकणाऱ्याला मात्र कोणी 'बाबा, जपून' म्हटल्याचे मला आठवत नाही. ती पाळी आता आली आहे.

आमची तिरोडी मॅंगनीजच्या खाणीची. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती, पुढे ती भोपाळला गेली. पण घरात मराठी आणि बाजारात हिंदी, हा आमचा शिरस्ता काही बदलला नाही. शुद्ध हिंदीत, जरा साहेबी थाटात कोणी बोलू लागला की आमचा माणूस नकळत खुर्चीवरून उठतो. पुढची हकीकत कळायला ही सवय ध्यानात ठेवावी लागेल.

आमच्या शेजारी खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मुलगा नागपूरला, तेव्हा इथले बिऱ्हाड हळूहळू आवरायचे ठरले. वहिनींची पायमशीन होती. तिच्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षे आळीतल्या बायकांची शिवणे केली. कोणीतरी मशीनचा फोटो काढून मोबाइलवरच्या बाजारात टाकला. किंमत आठ हजार. तासाभरात फोन. "जय हिंद, मॅडमजी." आपण फौजेत आहोत, बदली झाली आहे, बायकोसाठी मशीन हवी आहे. ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला फोटो आला. भाव एका बोलात मंजूर! माल न्यायला गाडी येईल, पैसे आधीच पाठवतो, असेही सांगितले.

इथे मी जरा थांबतो, कारण खरी खूण इथेच आहे. बैलबाजार ज्याने पाहिला आहे त्याला विचारा. खरा घेणारा बैलाचे तोंड उघडून दात मोजतो, चार पावले चालवतो, भोवरा कुठे आहे ते बघतो आणि सगळे पसंत असले तरी नाक मुरडतो. मग दुपट्ट्याखाली हात जातात, बोटांवर भाव ठरतो आणि घेणारा विकणाऱ्याच्या हातावर इसार ठेवतो. ज्याला वस्तू हवी असते तो तिच्यात खोट काढतो. न पाहता, न घासाघीस करता, मशीन चालते का एवढेही न विचारता जो आठ हजार देऊ करतो, त्याला मशीन नकोच असते. त्याला विकणारा हवा असतो. आणि इसार घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे येतो. उलटा गेल्याचे आपल्या सात पिढ्यांत कोणी पाहिले आहे काय?

वहिनींना आधी पाच रुपये पाठवायला सांगितले; लगेच दहा परत आले. विश्वास बसला. मग ठिपक्यांचा तो चौकोन आला. "आप बस स्कॅन कीजिए और पिन डालिए, पैसा आ जाएगा." पिन टाकला, आठ हजार गेले. "गलती से उलटा हो गया, फिर से कीजिए, दोनों वापस आएँगे." पुन्हा आठ हजार.

पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन म्हणजे आपली सही; ती पैसे देताना करायची. इतकी साधी गोष्ट, पण पडद्यावरचे 'पे' हे इंग्रजी अक्षर आणि कानातली घाई यांच्यात ती हरवते. यात शिक्षणाचाही फारसा संबंध नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे सोफा विकताना याच रीतीने ३४ हजार गेले, ते वर्तमानपत्रांतून आले होते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या तऱ्हांवर एक पुस्तिका काढली, तिच्यातही हा फौजी खरेदीदार आहे. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी धाडण्याची सोय बंद झाली, हे बरेच झाले. पण चौकोन आहेत, पैसे जमा झाल्याचे खोटे संदेश आहेत, 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' ही रडकथा आहे. संदेश कोणीही लिहू शकतो. आपल्या खात्यातली शिल्लक आपण स्वतः उघडून पाहावी. मालविक्रीचा तो जुना कायदा विकणाऱ्याला निदान एक हक्क देतो : उधारी ठरली नसेल, तर पैसे हाती येईपर्यंत माल रोखून धरण्याचा.

सोळा हजारांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटते. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. नवरा काय म्हणेल, आळी हसेल, मुलगा 'तुला कोणी सांगितले होते' म्हणेल. सायबर तक्रारीचा सरकारी क्रमांक १९३० आहे (कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच, हा निव्वळ योगायोग!). तिथे पहिल्या तासा-दोन तासांत कळवले, तर पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची आशा असते. लाजेने तो वेळ खाल्ला. पिन आपल्याच बोटांनी टाकलेला, म्हणून बँकेतही मान खाली घालून उभे राहावे लागले. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सर, यांना सांगू नका, आधी तुम्ही ऐका." तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

मी प्रार्थनेनंतर मुलांना हे सांगतो, नाव न घेता. आईचा मोबाइल हाताळणारी तीच आहेत. घरात कोणाचे पैसे गेले तर हसू नका, आधी १९३० लावा, एवढेच त्यांच्याकडून वदवून घेतो.

मशीन शेवटी कटंगीकडच्या एका शिंप्याने नेली. अर्धा तास त्याने ती चालवून पाहिली. शटल झिजले आहे, पट्टा ढिला आहे, लाकडाला भेग आहे, असे एकेक काढत साडेसहा हजारांवर आला. वहिनी त्याच्याशी कडाकडा भांडल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत ऐकू आला. मग त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि मशीन बांधायला त्याला स्वतःच दोर काढून दिला.