न वाजलेला खर्ज

जॅझच्या मैफलीत डबल बेसचा सोलो सुरू झाला की लोक बोलायला लागतात. हा जॅझवाल्यांचा जुना विनोद आहे आणि तो फारसा खोटाही नाही. ट्रम्पेट थांबतो, सॅक्सोफोनवाला दोन पावलं मागे सरतो, ड्रम्सवर नुसती ब्रशची सळसळ उरते आणि इतका वेळ आवाजाखाली दबलेल्या माणसांना आपापल्या गप्पा आठवतात. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१च्या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचं ध्वनिमुद्रण झालं. त्यातही ग्लासांची किणकिण, टेबलाटेबलावरची कुजबुज, मधूनच कुणाचं तरी हसणं ऐकू येतं. पंचवीस वर्षांचा स्कॉट लाफारो बेस वाजवतो आहे आणि कुणीतरी हसतं आहे. मला त्या हसणाऱ्याचा राग येत नाही. बिचारा रविवारी दोन घटका बसायला आला होता. समोर जे चाललंय ते लोक साठ वर्षांनंतरही उलगडत बसणार आहेत, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

शिवाय बेस हे वाद्य चटकन लक्ष वेधून घेणारं नाहीच. माणसाहून उंच, आणि जिन्यावरून उतरवायचं तर लाकडी कपाट उतरवावं तशी दोघांनी वळणं मोजत उतरवण्याची वस्तू. गिटारची तार साधारण पासष्ट सेंटिमीटर, बेसची एकशे पाचच्या आसपास. पट्टीवर पडदे नाहीत; स्वर कुठे आहे ते डाव्या हाताने नुसतं ओळखायचं. व्हायोलिनवर पंजा एका जागी ठेवून पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत षड्ज ते मध्यम सहज बसतात. बेसच्या खालच्या भागात तोच पंजा ताणून ताणून षड्जापासून ऋषभापर्यंत पोचतो, बस्स. एकाच तारेवर सप्तक ओलांडायचं असेल तर हाताला अर्ध्या मीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. आणखी वर जायचं तर मानेमागचा अंगठाही पुढे येतो आणि बोटांच्या बरोबरीने तारेवर बसतो. उजवा हात बहुतेक वेळा गज बाजूला ठेवून बोटाच्या मांसल कडेने तार ओढतो. लाउडस्पीकर नसायचे त्या काळात तारा तातीच्या असत आणि पट्टीपासून बऱ्याच उंच बांधलेल्या असत, कारण तेवढं ओढल्याशिवाय मागच्या खुर्चीपर्यंत आवाज जात नसे. बोटांना फोड हा त्या नोकरीचाच भाग होता.

अशा वाद्यावर कुणी चपळाई दाखवली की नुसता वेग ऐकू येत नाही, वाद्याचा विरोधही ऐकू येतो. तार पट्टीवर आपटल्याची टकटक, बोट सरकल्याचा घासल्यासारखा आवाज, स्वर सुटल्यावर लाकडाचा हुंकार. पियानोवर वेगाने वाजवणाऱ्याचे कष्ट ऐकणाऱ्यापासून लपतात. बेसवाल्याचे लपत नाहीत, आणि मला वाटतं त्याच्याकडे ओढ लागते ती आधी इथून.

पण एवढ्यासाठीच ऐकायचं तर ती कसरतीची करमणूक झाली. बेसची खरी सत्ता वेगळी आहे. आपल्याकडे तंबोरा षड्ज धरून बसतो आणि गाणारा कितीही दूर भटकला तरी तो षड्ज जागचा हलत नाही. जॅझमध्ये खालचा स्वर दर दोन-चार मात्रांनी बदलतो आणि तो बदलतो बेसवाला. समजा, वर पियानोने षड्ज आणि गंधार धरून ठेवले आहेत. खाली बेसने षड्ज दिला तर ते दोन स्वर उन्हात उभे असल्यासारखे वाटतात. तेच धरून ठेवा आणि बेसला शुद्ध धैवतावर उतरू द्या. वरचं काही हललेलं नसतं, तरी रंग उतरलेला असतो, मन उगाच खिन्न होतं. मूर्च्छनेची गंमत ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. खालच्या एका स्वराने वरच्या सगळ्यांचे अर्थ फिरतात. सोलो वाजवणारा सॅक्सोफोनवाला कितीही तोऱ्यात असला तरी त्याच्या स्वराला काय म्हणायचं हे मागे उभा असलेला माणूस ठरवत असतो.

आणि गंमत म्हणजे हा माणूस पुष्कळदा ऐकूच येत नाही. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ती कंपनं काढताच येत नाहीत. तरी मोबाइलवर जॅझ लावलं की बेस कोणता स्वर वाजवतो आहे ते आपल्याला कळतं. कारण प्रत्येक स्वराबरोबर त्याचे उपस्वरही असतात: ८२, १२३, १६४. हे वरचे आकडे पोचले की त्यांचं मूळ ४१ असलं पाहिजे हे कान आपलं आपण ताडतो आणि जो स्वर हवेत नाहीच तो आपल्याला ऐकवतो. ही कविकल्पना नाही, ऐकण्याच्या शास्त्रातली रुळलेली गोष्ट आहे.

याच्या उलट अनुभव आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘काय हो, रात्री तुमच्याकडे काय धुमधुमत असतं?’ भिंत आणि स्लॅब उंच स्वर अडवतात, खालचे जाऊ देतात. रात्री लावलेलं होतं ऑस्कर पीटरसनच्या त्रयीचं १९६२चं ‘नाइट ट्रेन’. पीटरसनच्या पियानोचा एक थेंबही वर गेला नसणार. गेला तो रे ब्राउन, त्याचा तो गोल, पोटभर जेवलेल्या माणसासारखा निवांत बेस. या ध्वनिमुद्रणातला फक्त रे ब्राउन ऐकलेल्या काकू जगात बहुधा एकट्याच असतील. मी हे त्यांना सांगायचा प्रयत्न केला. ‘असेल, पण जरा हळू लावा’, असं त्या म्हणाल्या.

रे ब्राउनच्या आधी जिमी ब्लँटन. १९३९मध्ये ड्यूक एलिंग्टनला हा पोरगा सेंट लुइसमध्ये सापडला आणि त्याने तो ताबडतोब उचलला, वाद्यवृंदात आधीचा बेसवादक असताना. तोवर बेसचं काम म्हणजे पायाखाली ठोके टाकत राहणं. एलिंग्टनने १९४०मध्ये नुसत्या पियानो आणि बेसच्या जोडीची ध्वनिमुद्रणं केली. ‘पिटर पँथर पॅटर’मध्ये ब्लँटन ठोके सोडून बोलायला लागतो, आणि नीट ऐकलं तर कळतं की एलिंग्टनच मुद्दाम मागे थांबून त्याला जागा करून देतो आहे. मोठ्या माणसाची दाद देण्याची ही रीत मला फार आवडते. दोन वर्षांनी, १९४२मध्ये, ब्लँटन क्षयाने गेला. वय तेवीस.

लाफारो मुळात क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा. कॉलेजात संगीत शिकायचं तर एक तंतुवाद्य यायलाच हवं असा नियम होता, म्हणून त्याने बेस हातात घेतला. पुढे त्याच्याकडे आला तो बेस न्यू हॅम्पशरच्या अब्राहम प्रेस्कॉट नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात घडवलेला. त्या शतकाहून जुन्या लाकडातून हा मुलगा जे काढत होता ते त्या वेळच्या बेसवाल्यांना जरा उद्धटपणाचंच वाटलं असेल. रीत अशी होती की बेसने प्रत्येक मात्रेला एक स्वर द्यायचा, चालत राहायचं. बाकीच्यांनी त्या चालीवर विसंबायचं. लाफारो चालत नाही. एक स्वर टाकतो, गप्प राहतो, एव्हान्सच्या वाक्याला वरच्या सप्तकातून उत्तर देतो, मग अचानक तळाला जाऊन एक खर्ज सोडतो आणि पुन्हा नाहीसा होतो. ड्रम्सवर पॉल मोशन; तोही ठेका उघडा करून दाखवत नाही. म्हणजे तिघांपैकी कुणीच लय मोजून देत नाही, सम कुणीच दाखवत नाही. आणि तरी ‘ग्लोरियाज स्टेप’ ऐकताना, जी रचनाही लाफारोचीच, पाय आपोआप हलतो आणि तिघं जिथे यायचं तिथे एकत्र येतात.

मोबाइलच्या स्पीकरातून न आलेला खर्ज कान जसा पुरवतो, तशीच ती न वाजलेली मात्रा आपण पुरवतो. लाफारोने हे ओळखलं होतं असं मला वाटतं. तो ऐकणाऱ्यावर काम टाकतो. रोजच्या जॅझच्या सवयीने आपल्या आत एक बेस चालत असतो, त्याच्या भरवशावर हा वर भटकायला मोकळा. मात्र मला त्याचं सगळं आवडतं असं नाही. काही सोलोंमध्ये तो इतका वर आणि इतका भरभर जातो की वाद्य ओळखू येईनासं होतं, आणि मग मनात येतं, बाबा रे, हेच वाजवायचं होतं तर गिटार काय वाईट होती?

अशा वेळी मी चार्ली हेडनकडे जातो. हे दोघे लॉस एंजलिसमध्ये एका घरात राहिलेले मित्र. हेडन आयोवाचा, त्याचं सगळं घर रेडिओवर देहाती गाणी गायचं आणि तोही अगदी तान्हा असल्यापासून गात होता. पंधराव्या वर्षी पोलिओने गळा धरला, गाणं सुटलं आणि तो बेसकडे वळला. त्याच्या वाजवण्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. मोजके स्वर, पण प्रत्येक असा लावलेला की तो संपेपर्यंत दुसऱ्याची वाट पाहावीशी वाटत नाही. आपल्याकडे पहाटे खर्ज लावणारी माणसं याला मान हलवून दाद देतील.

२१ डिसेंबर १९६० या दिवशी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने ‘फ्री जॅझ’साठी दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला उभ्या केल्या. एक चौकडी डाव्या कानात, एक उजव्या. डावीकडे बेसवर लाफारो, उजवीकडे हेडन. सदतीस-एक मिनिटांच्या त्या गदारोळात फुंकवाद्यवाले एकमेकांवर तुटून पडतात आणि मग एका वळणावर सगळे बाजूला होतात, उरतात ते हे दोन बेस. हेडफोन लावून ऐकावं. डावीकडचा सारखा उडू पाहतो, उजवीकडचा जमीन सोडत नाही. कोण श्रेष्ठ, हा प्रश्न मला तरी तिथे सुचत नाही. एकाच्या उडण्याला दुसऱ्याची जमीन लागते, आणि इथे दोघं निराळ्या कानात असल्यामुळे ते उघडं पडतं, एवढंच.

बेसच्या गोष्टीत चार्ल्स मिंगस न येणं शक्य नाही, पण त्याच्यावर लिहायला बसलो तर हा लेख त्याचाच होईल. एवढंच सांगतो: १९६२च्या ‘मनी जंगल’मध्ये, एलिंग्टनच्या बाजूला उभं राहून, ‘फ्लरेट आफ्रिकेन’ या हळुवार रचनेत या दांडग्या, भांडकुदळ माणसाने बेसवर जी पंखांची फडफड काढली आहे ती ऐकावी. १९७९च्या जानेवारीत तो मेक्सिकोत वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नीने त्याची रक्षा गंगेत सोडली.

लाफारो तर त्या रविवारनंतर अकराव्या दिवशीच गेला. ६ जुलै १९६१, न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हाजवळचा रस्ता, मोटार झाडावर. प्रेस्कॉटचा बेसही त्यात मोडला; पुढे कित्येक वर्षांनी तो दुरुस्त होऊन पुन्हा वाजता झाला. एव्हान्सने मात्र कितीतरी महिने पियानोला हात लावल्यासारखा लावला नाही.

व्हॅनगार्डच्या त्या रात्री अगदी शेवटी त्रयीने लाफारोची दुसरी रचना वाजवली, ‘जेड व्हिजन्स’. नऊच्या वजनाची, संथ. भरधाव वाजवण्यासाठी ज्याचं नाव झालं त्याने लिहिलेल्या या रचनेत भरधाव असं काही नाही. बेसवर दोन-दोन स्वर एकत्र छेडत तो सावकाश पुढे सरकतो, एव्हान्स त्याच्यावर जेमतेम काही ठेवतो, मोशन झांजेला नुसता स्पर्श करतो. ती त्यांनी लागोपाठ दोनदा मुद्रित केली आणि दोन्ही खेपा आज ऐकायला मिळतात. मला पहिली जास्त आवडते, तिच्यात लाफारो जरा जास्त वेळ थांबतो असं वाटतं म्हणून. एका मित्राचं मत नेमकं उलट आहे, आणि यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.