आम्हाला ते इथे आढळले
(द्वितीय वर्ष, कला)

ज्यांच्या घरात कागद नाही त्यांना इतिहास नाही, असे आपण किती सहज मानतो! इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि सरकारी दप्तरे. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाला सहीसुद्धा करता आली नाही, त्यांनी आपले मूळ शोधायचे तरी कोठे?

हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पणजोबांचे नाव विचारले तर आजी ते सांगते. त्याच्याही मागे गेले की "असेल कुणीतरी बाई," म्हणून चुलीकडे वळते. आमचे आडनाव एका गावावरून पडलेले आहे. शेवटी 'कर' आहे, पण ते गाव आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नाही. आमचा लेखी इतिहास काय तो एवढा, एक आडनाव! म्हणूनच आफ्रिकेतील डोगोन लोकांविषयी वाचू लागले तेव्हा मला ते परके वाटले नाहीत. नावे आणि घरे, या दोनच साक्षीदारांच्या आधारे ज्यांच्या प्राचीन मुळाचा शोध घेतला जातो, असे हे लोक आहेत.

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात नायजर नदीच्या मोठ्या वळणाच्या दक्षिणेला बांदियागारा नावाचा कडा आहे. लांबी सुमारे १५० किलोमीटर, उंची काही ठिकाणी ५०० मीटरपर्यंत. वर खडकाळ पठार, खाली वाळूचे मैदान आणि मध्ये ही वालुकाश्माची भिंत. पठारावर, कड्यावर आणि मैदानात मिळून २८९ गावे असलेला हा प्रदेश १९८९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतला गेला. कड्याच्या पायथ्याशी, ढासळलेल्या दगडांच्या उतारावर डोगोनांची मातीची घरे आहेत. दुरून पाहिले तर खडक कोठे संपला आणि घर कोठे सुरू झाले ते कळत नाही, इतका दोन्हींचा रंग एक.

घरांची नजर मात्र खालून वर नेली पाहिजे. डोगोन घरांच्या वर, उभ्या कड्यातील गुहांमध्ये आणखी बांधकामे दिसतात. ती डोगोनांची नव्हेत. सर्वांत जुनी मातीची कोठारे आहेत, मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचून केलेली. ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातली ठरली असून संशोधक त्यांना 'टोलोय' म्हणतात. त्यानंतर अकराव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान त्याच गुहा दुसऱ्या लोकांनी वापरल्या. धान्य ठेवले आणि आपले मृतही ठेवले. कड्यातील कोरड्या हवेमुळे त्या मृतांबरोबरची सुती व लोकरी वस्त्रे शतकानुशतके टिकली. निळीत रंगवलेल्या सुताचे पट्टे आजही ओळखू येतात. कुणा अनाम विणकराचे हे धागे म्हणजे एक बखरच नव्हे काय?

आणि आता नावाची गोष्ट. या आधीच्या लोकांना डोगोन 'तेल्लेम' म्हणतात. डोगोन भाषेत त्याचा अर्थ होतो, 'आम्हाला ते इथे आढळले.' मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. जगात बहुतेक समाज म्हणतात, आम्हीच इथले मूळचे, बाकीचे मागाहून आले. इथे एका समाजाने दुसऱ्याला दिलेल्या नावातच कबुली आहे की आम्ही नंतर आलो. कसलाही दस्तऐवज नाही, साक्षीदार नाही. तरी प्रत्येक वेळी ते नाव उच्चारताना खरे तेच बोलले जाते.

दुसऱ्यांनी दिलेली नावे मात्र नेहमी अशी प्रामाणिक नसतात. गुरे पाळणारे शेजारी फुलानी लोक डोगोनांना 'हाबे' म्हणत. म्हणजे परके, इस्लाम न मानणारे. फ्रेंच अधिकारी देप्लान्य याने १९०७ साली या प्रदेशावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यानेही हेच नाव उचलले. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या कानावर आधी जे पडले, ते छापले गेले! 'डोगोन' हे नाव ग्रंथांत रुळायला पुढची काही दशके जावी लागली. आपल्याकडेही कित्येक जातींची, वस्त्यांची नावे त्यांनी स्वतः ठेवलेली नाहीत, हे सांगायला नको.

मग डोगोन आले कोठून? त्यांची तोंडी परंपरा सांगते की ते पश्चिमेकडील मांदे देशातून आले, कड्याच्या नैर्ऋत्येला कानी-बोंझों येथे थांबले आणि तेथून द्यों, आरू, ओनो व दोम्नो अशा चार शाखांत पांगले. नायजर नदीवरच्या बोझो नावाच्या कोळी लोकांशी त्यांचे एक मजेदार नाते आहे. एकमेकांची यथेच्छ थट्टा करायची, पण आपसांत लग्न करायचे नाही. जणू जुने भाऊबंदच! बोझोंची भाषा मांदे कुळातली आहे.

परंतु डोगोनांची भाषा मांदे कुळातली नाही! भाषाशास्त्रज्ञ तिला नायजर-काँगो या मोठ्या कुटुंबाची निराळी शाखा मानतात. शिवाय ती एक भाषा नसून अनेक भाषांचा गट आहे; एका टोकाच्या डोगोनाला दुसऱ्या टोकाचे बोलणे समजत नाही. त्यातच कड्याच्या पश्चिम अंगाला मोजक्या गावांत बांगीमे नावाची एक भाषा आहे. ती बोलणारे स्वतःला डोगोनच म्हणवतात, पण त्यांच्या भाषेचे जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते जुळलेले नाही. पठारावर ऊंजूगू येथे तर इसवी सनापूर्वी ९४०० च्याही आधीची खापरे मिळाली आहेत. म्हणजे या भूमीवर मडकी घडवणारे हात किती जुने!

तर मग परंपरा खोटी आणि भाषा खरी, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. काही घराणी मांदेतून आली असतील, काही तेथलीच असतील, काही युद्धाच्या आणि दुष्काळाच्या भीतीने कड्याच्या आश्रयाला आली असतील. आलेल्यांनी आपली कथा आणली, असलेल्यांनी आपली भाषा दिली, आणि पुढे सगळ्यांचे मिळून एक नाव झाले. एखाद्या समाजाचे मूळ झाडासारखे एकच असते हे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते नदीसारखे असावे. तिचा उगम एक दाखवला तरी पाणी अनेक ओढ्यांचे असते.

घरेही हेच सांगतात. कुळाच्या मोठ्या घराला 'गिन्ना' म्हणतात. त्याच्या दर्शनी भिंतीवर कोनाड्यांच्या रांगा असतात, पूर्वजांची आठवण देणाऱ्या. धान्याची कोठारे चौकोनी, वर गवताची टोकदार टोपी. पुरुषांचे कोठार वेगळे आणि बाईचे वेगळे. बाईच्या कोठारात तिचे स्वतःचे धान्य, कापूस, दागिने. त्यात डोकावण्याचा नवऱ्याला अधिकार नाही. आमच्या आजीची कुलूपबंद पत्र्याची पेटी मला इथे आठवल्यावाचून राहिली नाही! गावाच्या मध्ये 'तोगू ना' हा पुरुषांचा चौथरा असतो. लाकडी खांबांवर बाजरीच्या ताटांचे जाडजूड छप्पर, पण इतके बुटके की ताठ उभे राहता येत नाही. गावाचे तंटे तेथे बसून मिटवायचे. रागाने कुणी ताडकन उठलाच तर डोके छपराला आपटते आणि तो पुन्हा खाली बसतो.

घर बोलते खरे, पण ऐकणाऱ्यानेही जपून ऐकले पाहिजे. फ्रेंच अभ्यासक मार्सेल ग्रिओल हा १९३१ मध्ये येथे प्रथम आला. १९४६ मध्ये ओगोतेम्मेली या अंध वृद्धाशी त्याने ३३ दिवस संवाद केला आणि १९४८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात घर म्हणजे आडवे पडलेले मानवी शरीर आणि कोठार म्हणजे साऱ्या विश्वाची प्रतिकृती, असा भव्य अर्थ आहे. पुढे डच मानववंशशास्त्रज्ञ वाल्टर व्हॅन बेक याने अनेक वर्षे डोगोनांत राहून १९९१ मध्ये लिहिले की हे तत्त्वज्ञान सामान्य डोगोनांना माहीतच नाही. एका म्हाताऱ्याच्या प्रतिभेला साऱ्या समाजाचा धर्म मानावे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला यातून इतकेच कळते की भिंतीला प्रश्न विचारावेत. पण आपल्याला हवे ते उत्तर तिच्या तोंडी घालू नये.

हा सारा पंडितांचा खेळ आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. मालीत २०१२ पासून बंडाळी माजली आणि काही वर्षांत तिची झळ या मध्य भागाला लागली. जमीन कुणाची, कुरण कुणाचे, आधी कोण आले, हे प्रश्न बंदुकीने विचारले जाऊ लागले. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. जूनमध्ये सोबाने दा या डोगोन गावात ३५ जण बळी पडले, त्यांत बहुतेक मुले होती. 'आम्ही आधीचे' या दोन शब्दांत किती दारू भरलेली असते!

अशा वेळी मला पुन्हा त्या उंच गुहांकडे पाहावेसे वाटते. डोगोन आपल्या मृतांना गोरखचिंचेच्या सालीच्या दोरांनी कड्यावर ओढून नेतात आणि तेल्लेमांच्याच गुहांत ठेवतात. जे आधी इथे आढळले त्यांच्याच शेजारी आपलीही हाडे! 'मूळचे कोण?' या प्रश्नाला याहून सभ्य उत्तर मला तरी कोठे सापडलेले नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वंशावळ नाही. पण आडनाव आहे, शेतांची नावे आहेत, घराची एखादी जुनी भिंत आहे आणि ते सांगणारे एखादे म्हातारे माणूस आहे. या सुट्टीत गावी गेलात तर त्यांना जरूर विचारा. आणि विचारताना एक प्रश्न विसरू नका: आपण इथे आलो, तेव्हा आपल्याला कोण आढळले होते?